खळग्यावरची घंटा

गोल्फ क्लबच्या पाहुण्यांच्या वहीत माझं नाव लिहून झालं, तसं अलास्टरनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याच ओळीत पुढे स्वतःची सही केली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"इथली पद्धत आहे. पाहुणा ज्याचा, जबाबदारी त्याची. आज दिवसभरात तुम्ही जे कराल, ते मी केलं असं धरतात." ते हसले. "तेव्हा कुणाची काच फोडू नका, मिस्टर बोरुडे."

मीही हसलो. पण मी घाबरलेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. एक तर त्या जागेला मैदान म्हणणं म्हणजे चेष्टाच होती. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून सरळ वर आलेला डोंगर, आणि त्याच्या अंगाखांद्यावर गोल्फचे अठरा होल. मी नगरच्या लष्करी वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनिअर होतो. साहेब लोकांना चौथा गडी कमी पडला की मला ओढून नेत, तेवढंच माझं गोल्फ. आमच्या मैदानावर हिरवळ औषधालाही नव्हती. होलभोवती तेल मारलेली वाळू, आणि वाटेत गवळ्यांच्या म्हशी. म्हशींना चुकवून चेंडू मारायला मी शिकलो होतो, डोंगर चढून मारायला नाही.

दुसरी भीती मोठी होती. मी तिथे खेळायला गेलोच नव्हतो, लग्न मोडायला गेलो होतो.

अश्विनी माझी एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून तिकडे गेली, नोकरीला लागली आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "बाबा, यूअनशी लग्न करायचं ठरवलंय." यूअन हा अलास्टरचा मुलगा. अलास्टर बहात्तर वर्षांचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली. त्यांनीच मला पत्र लिहून आठवडाभर राहायला बोलावलं होतं. निघताना आमच्या सौभाग्यवतींनी बजावलं होतं, "अहो, जायचं तर जा, पण तिथे तोंड सांभाळा. तुमचा राग म्हणजे दूध उतू जाण्यासारखा, पातेलं धरायला मी नसेन तिथे." त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी एकटाच गेलो.

आम्ही दोघं पुढे खेळत होतो. यूअन आमच्या मागून एकटा खेळत येत होता आणि अश्विनी त्याच्याबरोबर चालत होती. म्हाताऱ्यांना निवांत बोलू द्यावं, असा पोरांचा बेत असणार.

सहावा होल संपला. तिथे खडकाच्या आडोशाला एक बाक होता. अलास्टर बसले, थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "मिस्टर बोरुडे, तुम्ही एवढ्या लांबून गोल्फ खेळायला आला नाहीत."

"नाही."

"मग बोला."

"मला हे लग्न नको आहे."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "यूअनमध्ये काही खोट दिसली?"

"मुलगा चांगला आहे. तीच तर अडचण आहे. वाईट असता तर पोरीला समजावता तरी आलं असतं."

"मग?"

"लग्न झालं की तुमचा मुलगा तुमच्याजवळ राहील आणि माझी मुलगीही तुमच्याजवळच राहील. माझ्याजवळ काय राहील? वर्षातून पंधरा दिवस?"

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. मग म्हणाले, "दोघं तिशीला आलीत. आपल्याला विचारतात, हाच आपला मान समजायचा."

"तुमच्याकडे असेल तसं. आमच्याकडे बापाच्या शब्दाला—"

मी वाक्य पुरं करायच्या आत त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली, एका छोट्या पत्र्याच्या डबीत ठेवली आणि डबी खिशात टाकली. "वारा सुटला की शिट्ट्या वाजतात यांत," ते ऐकू न येणाऱ्या माणसासारखे मोठ्याने म्हणाले आणि उठून चालू लागले.

वारा खरंच सुटला होता. पण मी बोलत असताना कान काढून खिशात घालणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मर मेल्या," असं मी मराठीत म्हणालो. नेमके ते तेव्हा मागे वळून बघत होते. शब्द ऐकू गेला नसेल, पण चेहरा दिसलाच असणार.

सातव्या होलला समोर एक बुटकी टेकडी आडवी आली होती. माथ्यावर पांढरा खांब रोवलेला, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. अलास्टर मोठ्या आवाजात समजावू लागले, अगदी वर्गात शिकवतात तसं.

"पलीकडे खोल खळगा आहे, त्यात होल आहे. इथून काही दिसत नाही, म्हणून थांबायचं. पुढचे लोक खेळ संपवून समोरच्या चढावर पोचले की तिथली घंटा वाजवतात. ती ऐकू आली की खांबाच्या रोखाने मारायचं. घंटा म्हणजे खळग्यात कुणी नाही. कळलं?"

"कळलं," मी मान हलवली.

आम्ही थांबलो. थोड्या वेळाने डोंगरापलीकडून घंटा वाजली, स्पष्ट, दोन टोले. अलास्टर तसेच उभे. त्यांना ती ऐकूच आली नव्हती. मी हाताने घंटा वाजवल्याची खूण केली, तेव्हा ते "आभारी आहे" म्हणाले आणि पुढे झाले.

म्हणजे घंटेचा अर्थ मला ठाऊक होता, आणि त्यांना ती ऐकू येत नाही हेही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मी त्या आजवर विसरू शकलेलो नाही.

त्यांचा चेंडू नीट पडला. माझा खळग्याच्या डाव्या उतारावर, कंबरभर वाढलेल्या नेच्याच्या रानात गेला. आम्ही शोधला, सापडेना. त्यांनी आपला होल पुरा केला आणि परत त्या रानात शिरले.

"जाऊ द्या," मी हातवारे करून सांगितलं. "एक चेंडू गेला तर गेला."

"तुम्ही वर चला," ते ओरडले. "मी दोन मिनिटं बघतो. मी वर आलो की घंटा वाजवू."

मी निघालो. चढावर लाकडाच्या फळ्या रोवून पायऱ्या केल्या होत्या. मी मनातल्या मनात भांडत चढत होतो. याला काय वाटलं, दोन घोट चहा पाजला की मुलगी दिली? दहा पायऱ्या झाल्या, वीस झाल्या. दम लागला, छाती भात्यासारखी चालू लागली, टोपीखाली घाम आला. पाय आपोआप चढत होते, कारण पायऱ्या चढायची त्यांना सवय होती. दर सोमवारी मी नगरजवळच्या नाथांच्या गडावर जायचो, वीस वर्षं एक सोमवार चुकवलेला नव्हता.

शेवटची पायरी आली. मी टोपी काढून काखेत धरली. समोर लाकडी चौकट होती आणि त्यात पितळी घंटा टांगलेली. माझा उजवा हात वर गेला, दोरी ओढली, टण्ण. परत एकदा, टण्ण. मी डोळे मिटले आणि हात जोडले.

हात जोडलेले असतानाच मला कळलं की इथे देव नाही.

मी डोळे उघडून खाली पाहिलं. नेच्याच्या रानात अलास्टरची पाठ दिसत होती. ते वाकून, काठीने पानं बाजूला करत माझा चेंडू शोधत होते.

"अलास्टर!" मी ओरडलो. वाऱ्याने माझा आवाज समुद्राकडे नेला. आणि वारा नसता तरी काय, त्यांचे कान खिशात होते.

चेंडू कुणाच्या अंगावर जातोय असं दिसलं की गोल्फमध्ये 'फोर' म्हणून ओरडतात. तीस वर्षं मी ओरडत आलो होतो. त्या क्षणी तो एवढासा शब्द मला आठवला नाही. "बाजूला व्हाss! अहो, बाजूला व्हाss!" मी मराठीत बोंबलत पायऱ्या उतरू लागलो. टेकडीपलीकडे यूअनला मी दिसत नव्हतो, तो मला दिसत नव्हता. परत घंटा वाजवावी तर तिचा अर्थ एकच, मारा!

पलीकडून फटका ऐकू आला.

चेंडू खांबावरून वर आला. पांढरा ठिपका आभाळात टांगल्यासारखा दिसला, मग उजवीकडे वळला आणि लांब खडकांत जाऊन आदळला. अलास्टरपासून शंभर पावलं तरी लांब. मी पायरीवर मटकन बसलो आणि "नाथा, वाचवलंस," असं मोठ्याने म्हणालो. आता हळूहळू खाली जावं, काही झालंच नाही असं दाखवावं, असा विचारही आला, लपवत नाही.

आणि तेवढ्यात दुसरा फटका ऐकू आला.

पहिला चेंडू हरवला असं वाटलं की खेळणारा तिथूनच दुसरा मारून ठेवतो, हे मी विसरलो होतो. मी उठून धावलो. शेवटच्या पायऱ्यांवरून घसरलो, पँट गुडघ्यावर फाटली. चेंडू वर आला तो या वेळी डावीकडे वळला. मी त्याच्याकडे बघत धावत होतो आणि तो माझ्यापेक्षा फार जोरात येत होता. अलास्टर सरळ उभे राहिले. त्यांच्या हातात काहीतरी पांढरं होतं. माझा चेंडू सापडला होता त्यांना. तो उंच धरून ते माझ्याकडे वळले, दाखवायला.

लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला आणि ते दिसेनासे झाले.

नेच्याचं रान वाऱ्याने हलत होतं. कुठे पडले तेच कळेना. मी हातांनी पानं फाडत शिरलो. मेले, मी माणूस मारला, पोरीच्या सासऱ्याला मारलं. यापलीकडे डोक्यात काही नव्हतं. मी आयुष्यात इतका कधी भ्यालो नाही, पुढे माझ्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. मग पायाला बूट लागला.

ते उताणे पडले होते. डाव्या कानाच्या वर फुटलं होतं, रक्त कॉलरपर्यंत आलं होतं. डोळे उघडे होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, रुमाल दाबून धरला. त्यांनी डोळे हलवले, तेव्हा मला रडू फुटलं.

"काय झालं?" ते पुटपुटले. मी रुमाल आणखी घट्ट दाबला.

टेकडीवरून यूअन आणि अश्विनी हसत येत होती. आम्हाला पाहिलं आणि दोघं धावत सुटली. यूअन बापाजवळ गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. बापाच्या खिशातली डबी काढून एक यंत्र त्याने त्यांच्या उजव्या कानात बसवलं आणि ओरडला, "डॅड, घंटा वाजली होती! मी स्वतः ऐकली. कुणी वाजवली?"

अश्विनी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं.

अलास्टरनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येणार नाही, पण ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मग ते माझ्या मांडीवरून उठून बसायची धडपड करू लागले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. मुलाच्या खांद्याला धरून बसले.

"मी," ते म्हणाले. "वर जाऊन घंटा वाजवली, मग यांचा चेंडू आठवला म्हणून परत उतरलो. म्हाताऱ्याची अक्कल, दुसरं काय."

"डॅड!"

"वहीत सही कुणाची आहे? माझी. चूक माझी."

मी तोंड मिटलं.

दवाखान्यात नऊ टाके पडले. चेंडू दोन बोटं खाली लागला असता तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी घरी आल्यावर अलास्टर विश्रांतीला आपल्या खोलीत गेले आणि आतून किल्ली फिरवल्याचा आवाज मला बैठकीत ऐकू आला. मला वाटलं, दुखत असेल, कुणी उठवू नये म्हणून.

मी मात्र बैठकीतच बसून होतो. आता भीती वेगळी होती. या माणसाने मला मुठीत धरलं, असं मला वाटत होतं. एक शब्द बोलले की माझी मुलगी जन्मभर माझं तोंड बघणार नाही. ते का बोलले नाहीत? उघड होतं. मी लग्नाला हो म्हणावं म्हणून. चहाच्या वेळी ते बाहेर आले, डोक्याला पांढरी पट्टी. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अश्विनी, माझी हरकत नाही. फक्त लग्न नगरला करायचं."

पोरगी माझ्या गळ्यात पडली. अलास्टरनी कप खाली ठेवला आणि नुसती मान हलवली. मला वाटलं, सौदा पुरा झाला.

मी परतलो. पुढे अश्विनीच्या फोनवरून थोडं थोडं कळत गेलं. घंटा वाजवून परत खळग्यात उतरणारा, कानाने अधू म्हातारा डोंगरावर एकटा नको, असं क्लबच्या कमिटीने ठरवलं. सोबत दुसरा सभासद असेल तरच खेळायचं. वयाच्या नवव्या वर्षापासून ते त्या डोंगरावर खेळत होते, आणि पत्नी गेल्यापासून रोज सकाळी एकटेच. "आता जातच नाहीत, बाबा. खिडकीत बसतात," अश्विनी म्हणाली. एक पत्र लिहिलं की झालं असतं. दर रविवारी मी कागद घेऊन बसायचो आणि लग्न मोडेल या भीतीने उठायचो.

फेब्रुवारीत नगरला लग्न झालं. दुसऱ्या दिवशी नव्या जोडप्याला घेऊन आम्ही गडावर दर्शनाला गेलो. पोरं पुढे चढून गेली. मी अलास्टरच्या मागेपुढे करत हळूहळू चढत होतो. दोघांनाही धाप लागली होती. आदल्या नऊ महिन्यांत आम्ही एकमेकांशी एकटे असे बोललोच नव्हतो.

"शेवटची पायरी उंच आहे, जपून," मी वळून त्यांना सांगितलं. "डावीकडून या. तिथे दगड हलतो."

ते आले नाहीत. पायरीवरच उभे होते, माझ्याकडे बघत.

"काय झालं?"

"तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत," ते म्हणाले.

"कशाकडे?"

"तुम्ही माझ्याशी बोलत होता. पायरी जपा म्हणत होता. आणि तुमचा हात वर गेला."

मी वर पाहिलं. घंटा अजून झुलत होती. माझी टोपी माझ्या काखेत होती. मागून एक बाई आली, तिने घंटा वाजवली आणि आत गेली. एका माणसाने पोराला उचलून धरलं, पोराने वाजवली.

"सगळेच असं करतात?" अलास्टरनी विचारलं.

"सगळेच. देवळात शिरताना. लहानपणापासून." आणि मग नऊ महिने अडकलेलं एकदम बाहेर आलं. "त्या दिवशीही असंच झालं. पायऱ्या चढलो, दम लागला, समोर घंटा दिसली. दोन टोले देऊन हात जोडले, तेव्हा कुठे कळलं मी काय केलं ते. मी ओरडलो हो, खूप ओरडलो. तुम्हाला काय वाटलं होतं? गावंढळ माणूस, नियम विसरला?"

ते कठड्यावर बसले. त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. कानावरची टाक्यांची खूण पांढरी दिसत होती.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम वाजवलीत."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. बाकावरचं भांडण. माझा चेहरा. मीच खुणेने दिलेली घंटेची खबर. सगळं त्यांच्या बाजूने बघितलं तर दुसरं काय दिसणार होतं?

"आठवडाभर मी खोलीला कुलूप लावून झोपलो," ते म्हणाले. "दारामागे खुर्चीही लावायचो."

"आणि रोज सकाळी मला नाश्ता करून घालत होता! पोलिसांना का नाही सांगितलंत? यूअनला?"

"सांगितलं असतं तर अश्विनीने कुठे जायचं होतं? ती पोरगी मला आवडते हो. आणि सही माझी होती." ते माझ्याकडे वळले. "मला वाटलं, ज्या बापाला मुलगी जाण्याची एवढी भीती वाटते, त्याला मुलगी देऊन टाकायला मी सांगतोय. मीही चुकलोच असेन कुठेतरी."

मी त्यांच्याशेजारी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नऊ महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला होता.

संध्याकाळी मी यूअनला आणि अश्विनीला सगळं सांगितलं, आणि क्लबला पत्र लिहिलं. अश्विनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते मला मान्य होतं. कमिटीने मला जन्मभर बंदी घातली आणि अलास्टरना डोंगर परत दिला. पुढे सहा वर्षं ते रोज सकाळी खेळले, शेवटच्या आठवड्यापर्यंत. यूअन म्हणतो, सातव्या होलला पोचले की ते कानात यंत्रं घालायचे.

पण गडावरचं एक सांगायचं राहिलं. दर्शनाला आत जायला आम्ही उठलो, तेव्हा अलास्टर घंटेखाली थांबले. "मी वाजवली तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"वाजवा की."

त्यांनी टोपी काढून काखेत धरली, माझ्यासारखीच. हात वर नेला. मग थांबले, मागे वळले आणि खालपर्यंत साऱ्या पायऱ्या नीट न्याहाळून घेतल्या. एक म्हातारी मध्येच टेकली होती. ती उठून वर येईपर्यंत ते हात तसाच वर धरून उभे राहिले, आणि ती आत गेल्यावर त्यांनी घंटा वाजवली.